हाताने रंगवलेला कॅनव्हास की छापील? आधी रंग छेदावर बसला आहे का ते पाहा

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडते. नीडलपॉइंटचे, म्हणजे जाळीदार कॅनव्हासवरचे चित्र टाक्यांनी भरण्याच्या भरतकामाचे, दोन छापील संच तुम्ही पूर्ण केले आहेत. दुसऱ्या संचातली सरळ चौकट भरताना ती एका टोकाला नीट सुरू झाली, पण दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत दोन घरे (टाक्यांच्या जागा) खाली उतरली, आणि आपलेच मोजणे चुकले असे समजून तुम्ही ती दोनदा उसवली. आता फांदीवर बसलेल्या पक्ष्याची, भोवती नक्षीदार चौकट असलेली एक रचना तुमच्या मनात भरली आहे. ती छापील मिळते आणि हाताने रंगवलेलीही मिळते, मात्र हाताने रंगवलेलीची किंमत कितीतरी पट जास्त आहे. हा फरक केवळ हातकामाच्या कौतुकाचा आहे की भरताना खरोखर जाणवणारा आहे, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वांत आधी हे सांगते की तुमचे मोजणे चुकले नव्हते. छापलेली रेघ सरळ होती, पण तिच्या खालचे धागे तिच्याशी समांतर नव्हते, आणि तुमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या एका गोष्टीत आहे. दोन्ही प्रकारचे कॅनव्हास अनेक वर्षे भरल्यावर आणि इतरांना शिकवताना त्यांच्या अडचणी जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, रंग कुंचल्याने लावला की यंत्राने, हा प्रश्न दुय्यम आहे. तो रंग धाग्यांच्या छेदावर बसला आहे की नाही, हे पाहायला हवे. चांगला हाताने रंगवलेला कॅनव्हास या कसोटीला उतरतो म्हणून तो महाग असूनही घ्यावासा वाटतो. पण हाताने रंगवलेला प्रत्येक कॅनव्हास या कसोटीला उतरतोच असे नाही, आणि काही छापील कॅनव्हास तिला पुरेसे उतरतात.

कॅनव्हास डोळ्यांजवळ धरून पाहिला तर उभे आणि आडवे धागे जिथे एकमेकांवरून जातात ते छेद स्पष्ट दिसतात. टेंट टाका, म्हणजे नीडलपॉइंटचा मूळ तिरका टाका, छेदाच्या खालच्या डाव्या छिद्रातून वर येतो आणि वरच्या उजव्या छिद्रात उतरतो, म्हणजे बरोबर एक छेद झाकतो. एका छेदावर एक टाका आणि एका टाक्याला एक रंग, एवढेच या कलेचे व्याकरण आहे. अर्धा लाल आणि अर्धा हिरवा असा टाका घालता येत नाही. त्यामुळे ज्या छेदावर लाल आणि हिरवा दोन्ही रंग अर्धे-अर्धे पडले आहेत, तिथला निर्णय रंगवणाऱ्याने किंवा छापणाऱ्याने भरणाऱ्याच्या गळ्यात टाकलेला असतो. असे निर्णय किती घ्यावे लागतात याचा अंदाज आकड्यांवरून येतो. 13 काउंटच्या, म्हणजे इंचाला 13 धागे असलेल्या, कॅनव्हासवर एका चौरस इंचात 169 टाके बसतात, 18 काउंटवर 324. बारा इंच लांब-रुंद रचना 13 काउंटवर असेल तर ती 24,336 टाक्यांची होते. त्यांतले विसातले एक घर जरी संशयास्पद असले, तरी बाराशेहून अधिक वेळा सुई हवेत धरून थांबावे लागते. छापील कॅनव्हास भरताना येणारा थकवा बहुतेक वेळा हाताचा नसून या थांबण्याचा असतो.

एका घराला एक रंग हा विचार नवा नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर भरतकामाचे नमुने छापून निघू लागले आणि त्यांतली चौकट अन् चौकट हाताने रंगवलेली असे. लोकरीच्या ज्या भरतकामाला पुढे बर्लिन वूलवर्क असे नाव पडले, त्याचा साऱ्या युरोपात प्रसार या कागदांमुळे झाला. कागदावरची एक चौकट म्हणजे कापडावरचा एक टाका, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. मात्र नजर सतत कागदावरून कापडावर आणि कापडावरून कागदावर न्यावी लागे आणि मोजणे हा कामाचा मोठा भाग असे. नमुना थेट कॅनव्हासवर उमटवायला लागल्यापासून मोजणी सुटली, पण चौकटींची अचूकताही तिच्याबरोबर गेली. टाका-टाका रंगवलेला कॅनव्हास या दोन्ही सोयी एकत्र आणतो, आणि त्याचे मोल मला तरी याच कारणाने वाटते.

आता छपाईत नेमके काय बिघडते ते पाहू. कॅनव्हास लांब ताग्यातून येतो. तागा गुंडाळताना आणि उलगडताना आडवे धागे थोडे तिरके होतात किंवा मधोमध धनुष्यासारखे वाकतात. जाळीदार विणीच्या कापडाचा हा स्वभावच आहे. छपाईचा साचा किंवा यंत्र मात्र काटकोनातच चालते. धागे आणि छपाई यांच्यात केवळ एक अंशाचा फरक राहिला, तरी दहा इंचांच्या लांबीत रेघ सुमारे 0.17 इंच सरकते, आणि 13 काउंटवर याचा अर्थ दोन घरांहून थोडे जास्त असा होतो. तुमची चौकट दोन घरे उतरली ती बहुधा याच हिशेबाने. एक अंश डोळ्यांना दिसत नाही; टाक्यांना मात्र तो लगेच कळतो.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे आणि नक्षीदार चौकटीच्या बाबतीत जास्त त्रास देते. 13 काउंट म्हणून विकला जाणारा कॅनव्हास उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना नेमका 13 धाग्यांचा असेलच असे नाही. एका दिशेला इंचामागे पाव धागा जास्त असला, तर दहा इंचांत अडीच घरांची तफावत पडते. छपाई इंचांच्या मापाने होते, धाग्यांच्या मापाने होत नाही. त्यामुळे दहा-दहा घरांची पुनरावृत्ती असलेली वेल छापली, तर काही पाने दहा घरांची येतात आणि एखाद-दोन पाने अकराची. एकेकटे पान पाहताना काही खटकत नाही, पण चारही बाजू भरून झाल्यावर कोपरे जुळत नाहीत आणि चूक कुठे झाली हे शोधूनही सापडत नाही. हाताने रंगवणारी व्यक्ती इथे धागे मोजते. तिच्या दृष्टीने चौकट दहा इंचांची नसते, ती 130 घरांची असते, म्हणून कापड किंचित ताणले गेलेले असले तरी नक्षी धाग्यांबरोबर चालते.

छपाईच्याही दोन जाती आहेत, आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते, म्हणून रंग मोजके असतात आणि प्रत्येक रंगाचा पट्टा सपाट आणि ठाम उमटतो. चांगल्या कारखान्यात कॅनव्हास धाग्यांनुसार ताणून बसवतात. मोठी फुले, ठसठशीत पाने, भौमितिक ठोकळे अशा रचना त्यावर फार सुंदर भरल्या जातात. डिजिटल छपाईत रंगांच्या संख्येवर मर्यादा नसते, आणि भरणाऱ्याच्या दृष्टीने तोच तिचा मोठा दोष ठरतो. चित्र किंवा छायाचित्र जसेच्या तसे कॅनव्हासवर उतरवले, तर गुलाबाच्या एका पाकळीत गुलाबीच्या असंख्य छटा एकमेकींत विरघळलेल्या दिसतात, आणि संचाबरोबर लोकरीच्या लडी मात्र गुलाबीच्या चारच असतात. कोणती छटा कोणत्या लडीने भरायची याची सीमा कॅनव्हासवर कुठेच नसते. सोबत चौकटींचा नकाशा असेल तरच असा कॅनव्हास घ्यावा, आणि तेव्हा छपाईकडे फक्त मार्गदर्शक म्हणून पाहून भरताना नकाशाप्रमाणे चालावे.

छापील संचांबद्दल एक गोष्ट नवशिक्यांना कुणी सांगत नाही. त्यावरचे रंग पुष्कळदा खरे रंग नसतात, ते खुणेचे रंग असतात. लोकरीतले दोन हिरवे एकमेकांच्या इतके जवळ असतील की छापल्यावर ओळखू येणार नाहीत, तर छापणारा त्यांतला एक मुद्दाम भडक पोपटी छापतो, आणि काठावरच्या यादीत त्या पोपटीसमोर शेवाळी लोकरीचा तुकडा लावलेला असतो. हा दोष समजू नये. ही एक समंजस सोय आहे. पण तुम्ही स्वतःचे धागे वापरणार असाल, तर छापलेल्या रंगाशी धागा जुळवत बसणे धोक्याचे ठरते. हाताने रंगवलेल्या कॅनव्हासवरचा रंग सहसा अपेक्षित छटेच्या जवळ असतो, त्यामुळे धागे कॅनव्हासवर ठेवून, दिवसाच्या उजेडात, शेजारी-शेजारी मांडून निवडता येतात. तिथेही लोकर प्रकाश शोषते आणि रेशीम तो परत फेकते, म्हणून एकाच छटेचे दोन धागे भरल्यावर वेगळे दिसतात, हे लक्षात ठेवावे.

हाताने रंगवलेला हे शब्द ऐकून चित्रकाराने स्वतः बसून रंगवलेला कॅनव्हास डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा रचनाकार एक मूळ कॅनव्हास तयार करतो आणि कार्यशाळेतले रंगारी तो समोर ठेवून, घरे मोजत, एकेक प्रत रंगवतात. यात कमीपणा काही नाही. एका प्रतीला कित्येक तास लागतात आणि किंमत त्या तासांची असते. पण प्रत्येक प्रत थोडी वेगळी उतरते, म्हणून नमुन्याचे चित्र पाहून समाधान न मानता जी प्रत हाती येणार आहे तीच पाहावी. शिवाय काही कॅनव्हासवर बाह्यरेषा छापलेल्या असतात आणि रंग तेवढे हाताने भरलेले असतात. तेही हाताने रंगवलेले म्हणूनच विकले जातात, आणि छापलेली रेघ तिरकी असेल तर वर हाताने लावलेला रंगही तिच्यामागोमाग तिरका जातो.

अस्सल हातकामातही दोन रीती आहेत आणि तुमच्या निवडीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या रीतीत रंगारी बारीक कुंचल्याने एकेका छेदावर रंग टेकवतो. याला स्टिच-पेंटेड म्हणतात. मराठीत टाका-टाका रंगवलेला म्हणता येईल. तिरकी रेघ अशा कॅनव्हासवर पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसते आणि वर्तुळाचा काठ मोजता येतो. दुसऱ्या रीतीत रेखाचित्र कॅनव्हासखाली ठेवून ते गिरवतात आणि कागदावर रंगवावे तसे मोकळ्या हाताने रंगवतात. वळणे झोकदार येतात, पाण्यात मिसळल्यासारख्या छटा येतात, कॅनव्हास भिंतीवर टांगावा इतका देखणा दिसतो, आणि भरायला बसल्यावर छापील कॅनव्हासवरचीच संदिग्धता पुन्हा समोर उभी राहते. म्हणजे जास्त पैसे मोजूनही प्रश्न तोच राहिला, असे होऊ शकते. ज्यांना स्वतः निर्णय घेत भरायला आवडते अशा मुरलेल्या हातांना हा दुसरा प्रकार आनंद देतो. तुमच्या सध्याच्या टप्प्यावर मी तो सुचवणार नाही.

तुमच्या पक्ष्याचा डोळाच घ्या. 13 काउंटवर असा डोळा चार घरे लांब आणि चार घरे रुंद, म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटरचा असतो. कोपऱ्यातली चार घरे सोडली की उरतात बारा : मधोमध तीन काळे टाके आणि त्यांच्याच चौकोनात वरच्या डाव्या बाजूला एक पांढरा, भोवती आठ पिवळे. तो एक पांढरा टाका म्हणजे डोळ्यातली चमक. टाका-टाका रंगवलेल्या कॅनव्हासवर तो ठिपका एका छेदावर नेमका बसलेला असतो. छपाईत तोच ठिपका अर्ध्या धाग्याने सरकला, तर निम्मा काळ्यात आणि निम्मा छिद्रात पडतो. भरणारी त्याला डाग समजून काळा टाका घालते आणि पक्षी डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखा दिसतो. पुढे कितीही सुबक पिसे भरली तरी ते मरगळलेपण जात नाही. अक्षरांच्या बाबतीतही हेच घडते. अक्षराची उभी दांडी एका धाग्यावर पडण्याऐवजी दोन धाग्यांच्या मधल्या छिद्रांवर पडली, तर ती कोणत्या धाग्यावर घ्यायची याचा नियम उरत नाही, आणि शेजारच्या दोन अक्षरांत आपण दोन वेगळे निर्णय घेऊन बसतो. उलट चार इंचांचे कमळाचे पान असेल, तर काठ एक घर इकडे गेला काय आणि तिकडे गेला काय, पान पानच राहते. म्हणून मी रचना पाहून ठरवते : चेहरे, डोळे, अक्षरे, सरळ चौकटी आणि समोरासमोर जुळणाऱ्या आकृती असतील तर टाका-टाका रंगवलेला, मोठी, मोकळी, वळणदार झाडे-पाने असतील तर चांगला छापील पुरतो.

खालचा रंग भरल्यावरही काम करत असतो. छपाईची शाई बहुधा धाग्याच्या माथ्यावर बसते. धाग्याच्या कडा आणि छिद्रांच्या आतल्या बाजू पांढऱ्याच राहतात. गडद लोकर थोडी बारीक पडली की टाक्यांमधून ते पांढरे कण डोकावतात आणि गर्द निळे आकाश पिठूळ दिसते. कुंचल्याने लावलेला अॅक्रिलिक रंग कडांपर्यंत मुरतो, त्यामुळे तोच टाका भरगच्च वाटतो. मोकळे शोभेचे टाके घालायचे असतील, ज्यांत कॅनव्हास मुद्दाम दिसू द्यायचा असतो, तर रंगवलेल्या कॅनव्हासला पर्याय नाही. याची दुसरी बाजूही आहे. रंगाऱ्याने रंग फार जाड लावला, तर छिद्रे बुजतात, सुई करकरत जाते आणि लोकर पिंजून निघते. चूक झाकायला वर पांढरा थर दिलेला असेल तर तेवढा भाग खरखरीत आणि टणक होतो. कॅनव्हास उजेडासमोर धरला की बुजलेली छिद्रे लगेच दिसतात. जाड रंगाखाली विणीतला उभा-आडवा धागाही ओळखू येत नाही, आणि बास्केटवीव्ह पद्धतीने, म्हणजे टेंट टाके तिरप्या ओळींत घालत, भरणाऱ्याला त्याची गरज असते, कारण साध्या विणीच्या कॅनव्हासवर ज्या तिरप्या ओळीत उभा धागा वर असतो ती वरून खाली भरायची आणि ज्या ओळीत आडवा धागा वर असतो ती खालून वर, असा तो क्रम आहे. पातळ छपाईत वीण स्वच्छ दिसते, हा छापील कॅनव्हासचा गुण मान्य करायला हवा.

रंगाच्या पक्केपणाबद्दल मात्र हातकामावर आंधळा विश्वास ठेवू नये, आणि हे मी स्वतःला झालेल्या नुकसानीवरून सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी हाताने रंगवलेला एक कॅनव्हास भरला होता. मलईरंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरी फुले होती आणि बाह्यरेषा काळ्या पेनने काढलेल्या होत्या. काम पूर्ण झाल्यावर ते चौकोनात आणण्यासाठी ओलसर करून पाटावर टाचण्यांनी ताणून ठेवले. सकाळी पाहते तर प्रत्येक पाकळीभोवती करडी प्रभा उमटलेली. पेनची शाई पाण्यात विरघळून लोकरीतून वर चढली होती. रंग पक्का होता, रेघ कच्ची होती. फुलांभोवतालची पार्श्वभूमी उसवून पुन्हा भरण्यात किती आठवडे गेले ते आजही आठवते. तेव्हापासून कॅनव्हास छापील असो की रंगवलेला, पहिला टाका घालण्याआधी मी पांढऱ्या ओल्या कापडाचे टोक प्रत्येक गडद रंगावर आणि प्रत्येक रेघेवर दाबून धरते. कापडावर किंचितही रंग उतरला, तर तो कॅनव्हास भरून झाल्यावर पाणी लावायचे नाही, आणि टाके पहिल्यापासून फ्रेमवर ताणूनच घालायचे, म्हणजे मागाहून ताणण्याची वेळ फारशी येत नाही.

दोन कॅनव्हासची तुलना करताना खालचे कापडही पाहावे, कारण किमतीतला काही फरक तिथे असतो. हाताने रंगवलेले बहुतेक काम साध्या विणीच्या, एकेरी धाग्यांच्या मोनो कॅनव्हासवर, 13 किंवा 18 काउंटचे असते. छापील संच पुष्कळदा इंटरलॉक कॅनव्हासवर असतात, ज्यात एका दिशेचे बारीक जोडधागे दुसऱ्या दिशेच्या धाग्यांना पीळ देऊन जखडतात, किंवा पेनेलोपी कॅनव्हासवर, ज्यात धागे जोडीजोडीने विणलेले असतात. इंटरलॉकच्या दशा सुटत नाहीत आणि त्यावर अर्धा क्रॉस टाका (समोरून टेंटसारखाच, पण मागे कमी धागा घेणारा) टिकतो. साध्या मोनोवर तोच टाका धाग्यांमध्ये घसरतो, म्हणून तिथे कॉन्टिनेंटल (ओळीओळीने घातलेला, मागे लांब तिरका धागा ठेवणारा टेंट टाका) किंवा बास्केटवीव्हच घालावा. कॉन्टिनेंटलने कापड तिरके ओढले जाते, बास्केटवीव्हने फारच कमी. काही छापील संचांत लोकर अर्ध्या क्रॉसच्या हिशेबाने दिलेली असते. तुम्ही बास्केटवीव्ह घालायला गेलात तर पार्श्वभूमीची लोकर मध्येच संपेल आणि त्याच रंगणीची, म्हणजे त्याच खेपेत रंगवलेली, लड पुन्हा मिळेलच असे नाही. हाताने रंगवलेला कॅनव्हास सहसा धाग्यांशिवाय मिळतो, म्हणजे त्याच्या किमतीत धाग्यांचा खर्च मिळवूनच तुलना करायला हवी.

खरेदीच्या वेळी मी जी परीक्षा करते ती सोपी आहे. बोथट टोकाची सुई घ्यावी आणि चित्रातल्या एखाद्या लांब सरळ रेघेच्या एका टोकाला, दोन धाग्यांमधल्या खाचेत तिचे टोक ठेवावे. मग न उचलता ती खाचेतून हलकेच ओढत दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी. खाच सुईला रुळासारखी धरून ठेवते. पलीकडे पोहोचल्यावर सुई अजून त्याच रेघेच्या काठावर असेल तर कॅनव्हास धाग्यांनुसार आहे. एक घर सरकली असेल तर चालवून घेता येते. दोन किंवा अधिक सरकली असेल आणि रचनेत चौकट असेल, तर तो कॅनव्हास घेऊ नये. हीच परीक्षा उभ्या दिशेनेही करावी, कारण एका दिशेला उत्तम आणि दुसरीकडे तिरका असा कॅनव्हास वारंवार पाहण्यात येतो. वस्तू हातात घेऊन पाहता येत नसेल, तर चौकटीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत. पायऱ्या स्वच्छ दिसतात की काठ पुसट आहे, एवढे त्यांवरून नक्की कळते.

तुमच्याकडे छापील कॅनव्हास आधीच असेल, तर तो टाकून देऊ नका. भरण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याला द्या. सरळ रेघांच्या बाबतीत छपाई विसरून धागा धरा : चौकटीचा एक कोपरा निश्चित करून तिथून घरे मोजत जा आणि चारही कोपरे पाण्याने न फुटणाऱ्या फिकट पेनने खुणावून घ्या. आतील चित्र आणि चौकट यांच्यात एखादे घर कमी-जास्त झाले तर ते पार्श्वभूमीत मुरते. वळणांच्या बाबतीत ज्या रंगाने छेदाचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापला आहे तो रंग घ्यायचा, असा एकच नियम ठेवा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. नियम थोडा चुकीचा असला तरी चालतो, मध्येच बदललेला चालत नाही. समोरासमोर जुळणाऱ्या आकृतीची आधी एकच बाजू भरा, आणि दुसरी बाजू छपाईकडे न पाहता पहिलीची घरे मोजून भरा. डोळा, चोच, अक्षरे यांसाठी चौकटीच्या कागदावर पाच मिनिटांत नकाशा काढता येतो. तो काढून त्याप्रमाणे भरलेला छापील पक्षी आणि महाग कॅनव्हासवरचा पक्षी यांत फरक ओळखणे कठीण जाते. मात्र या तयारीत जे तास जातात तेच तास रंगाऱ्याने तुमच्यासाठी आधी घातलेले असतात, आणि जास्तीची किंमत आपण त्यांचीच देतो.

म्हणून तुमच्या पक्ष्यासाठी माझा सल्ला हाताने रंगवलेला कॅनव्हास घेण्याचा आहे, पण तो टाका-टाका रंगवलेला असल्याची खात्री करून. रचनेत सरळ नक्षीदार चौकट आहे, लहान डोळा आहे, आणि एकदा चौकटीने तुम्हाला दोनदा उसवायला लावले आहे. पुन्हा तेच घडले तर ही कला तुम्हाला नकोशी होईल अशी मला भीती वाटते. 18 काउंटपेक्षा 13 काउंटचा निवडा, कारण त्याच आकारात टाके जवळपास निम्मे होतात आणि 20 क्रमांकाची बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई त्यावर सहज चालते. चारही बाजूंना निदान दोन इंच कोरी जागा आहे ना ते पाहा, काठांना चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे दशा सुटणार नाहीत, आणि कॅनव्हास फ्रेमवर ताणून बसवा. सुरुवात डोळ्यापासून करा. त्या बारा टाक्यांत धाग्याची जाडी योग्य आहे की नाही, खालचा रंग डोकावतो की नाही, हे कळेल, आणि धागा बदलायचा झाला तर उसवायला बाराच टाके असतील. चौकट पक्षी आणि फांदी झाल्यावर, पार्श्वभूमीच्या आधी घ्या. चारही कोपरे जुळल्याचे पाहिल्यानंतरच पार्श्वभूमीची पहिली लड सोडा.